अलर्ट ‘गेला’ म्हणाला, पण पोचलाच नाही: वणवा-सूचना यंत्रणेची चाचणी नक्की कुठपर्यंत घ्यायची?

रानवाट_सत्तरी | 9 फेब्रुवारी, रात्री 9:52

नमस्कार मंडळी. गोव्यात सत्तरीतल्या आमच्या वाड्यावर पावसाळा सरल्यावर आम्ही वणव्याची सूचना देणारी छोटी यंत्रणा उभी केली. काजूच्या डोंगरावर लोरावॅन या लांब पल्ल्याच्या रेडिओवर चालणारे सहा सेन्सर आहेत. ते वायू, तापमान आणि आर्द्रता मोजतात. त्यांची माहिती आमच्या घरातल्या लहान संगणकावर चिर्पस्टॅक या सर्व्हर प्रोग्रॅममध्ये येते. त्याच संगणकावरची एक स्क्रिप्ट दर पंधरा मिनिटांनी नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावरून उपग्रहाने आमच्या भागात टिपलेल्या आगीचे ठिपके ओढते. आगीचा संशय आला की तीन ठिकाणी वेबहूक (नेटवरून आपोआप जाणारा निरोप) जातो: टेलिग्रामचा गट, एसएमएस पाठवणारी सेवा आणि पंचायतघराजवळच्या भोंग्याचा कंट्रोलर.

डिसेंबरात ‘चाचणी’चं बटण दाबून पाहिलं होतं. तिन्हीकडे व्यवस्थित गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

परवा, 7 तारखेला दुपारी खरी आग लागली. सेन्सरने 2:24 ला पकडली, म्हणजे त्याचं काम त्याने केलं. टेलिग्रामवर संदेश आला. पण ज्या नऊ जणांकडे साधे फोन आहेत त्यांना एकही एसएमएस मिळाला नाही, आणि भोंगा एकदा वाजायचा तो तीनदा वाजला. लोकांना वाटलं बिघडलाय, म्हणून कुणी बाहेरच आलं नाही. त्या डोंगराच्या सगळ्यात जवळ एक आजोबा राहतात, पाच मिनिटांच्या वाटेवर. त्यांना कळलं ते धूर अंगणात आल्यावर. दोनेक एकर काजू होरपळला. मोहोर होता झाडांना.

लॉगमध्ये तिन्ही वेबहूकपुढे 200 दिसतंय, म्हणजे ‘यशस्वी’. मग चुकलं कुठे? आणि चाचणीत हे आधी का नाही दिसलं? मार्च डोक्यावर आहे, कृपया मदत करा.

---

सिग्नल_पणजी | 9 फेब्रुवारी, रात्री 10:30

वाईट वाटलं वाचून. दोन गोष्टी सांगा. चाचणीच्या एसएमएसमध्ये शब्दशः काय होतं आणि खऱ्या एसएमएसमध्ये काय होतं? दुसरं, तुम्ही पाहिलेला 200 हा सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरचा आहे. त्याचा अर्थ ‘तुमची चिठ्ठी माझ्या हातात आली’ एवढाच. ती पुढे मोबाइल कंपनीने स्वीकारली का, फोनवर पडली का, हे नंतर येणाऱ्या डिलिव्हरी रिपोर्टमध्ये असतं. तो तुम्ही कुठे साठवता का?

---

रानवाट_सत्तरी | 9 फेब्रुवारी, रात्री 10:58

डिलिव्हरी रिपोर्ट साठवत नव्हतो. आत्ता कंपनीच्या पॅनेलवर जाऊन पाहिला. नऊच्या नऊ ‘नाकारले’, कारण: टेम्प्लेट जुळत नाही.

मंजूर टेम्प्लेट असं आहे: ‘वणवा सूचना: (बदलती जागा) येथे आग. वेळ (बदलती जागा).’

चाचणीत ठिकाण म्हणून ‘चाचणी’ जात होतं. परवा गेलं ‘चोर्ला घाट रस्त्याच्या वरची काजू बागायत’.

---

सिग्नल_पणजी | 9 फेब्रुवारी, रात्री 11:20

सापडलं. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या नियमांनुसार असा प्रत्येक एसएमएस डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या नोंदवहीत) आधी नोंदवलेल्या टेम्प्लेटशी ताडून पाहिला जातो, आणि त्यातल्या एका बदलत्या जागेत 30 पर्यंतच वर्णचिन्हं चालतात. आता तुमचं ठिकाण मोजा. डोळ्यांना ते तिसाच्या आत वाटतं, पण संगणक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजतो. ‘चोर्ला’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात. त्याच्या लेखी ती सहा आहेत: च, ओकार, र, हलन्त, ल, काना. पूर्ण नाव मोकळ्या जागांसकट 39 भरतं, ‘चाचणी’ फक्त 5. म्हणून बटण दाबल्यावर सगळं सुरळीत आणि खऱ्या आगीत नऊही बंद.

देवनागरी एसएमएस 70 चिन्हांत एक धरला जातो. त्यापुढे गेला की 67-67 चे तुकडे होतात. तेही ध्यानात ठेवा, कारण नेटवर्क कच्चं असेल तर एक तुकडा आधी येतो आणि दुसरा राहतो. आणि संदेशात नकाशाची लिंक घालायचा विचार असेल तर तीसुद्धा आधी नोंदवावी लागते. ऑक्टोबर 2024 पासून अनोळखी लिंक असलेले संदेश अडवले जातात.

पण माझा खरा प्रश्न पुढचाच आहे. तुमचं चाचणीचं बटण कोणत्या वाटेने जातं? ते सेन्सरच्या आकड्यांपासून सुरू होतं, की थेट शेवटच्या पायरीवर ठरलेला मजकूर टाकतं?

---

रानवाट_सत्तरी | 9 फेब्रुवारी, रात्री 11:34

थेट शेवटच्या पायरीवर. ठिकाणाचं नाव शोधणारा भाग, वेळ लिहिणारा भाग, सगळं ओलांडून. आता कळतंय, मी बटणाची चाचणी घेतली होती, आगीची नाही.

---

लोरा_फोंडा | 10 फेब्रुवारी, सकाळी 7:15

भोंग्याचं मी सांगतो. तुमचा कंट्रोलर विनंती आल्यावर आधी भोंगा वाजवतो आणि वाजवून झाल्यावर 200 देतो, बरोबर? भोंगा 30 सेकंद वाजत असेल आणि पाठवणारा 10 सेकंदच थांबत असेल, तर त्याला वाटतं समोरच्याने ऐकलंच नाही. म्हणून तो पुन्हा पाठवतो. असं तीनदा. कंट्रोलरचा उशिरा आलेला 200 तेवढा लॉगमध्ये राहत असेल तर तिथे ‘यशस्वी’च दिसणार.

उपाय साधा आहे. कंट्रोलरने आधी ‘मिळालं’ म्हणावं, मग भोंगा वाजवावा. प्रत्येक घटनेला एक क्रमांक द्या, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर कंट्रोलरने नुसतं ‘मिळालं’ म्हणून गप्प बसावं. पुन्हा पाठवणं मात्र बंद करू नका, आपल्या भागात ते लागतंच. मग मुद्दाम तपासा: तोच वेबहूक लागोपाठ तीनदा पाठवा, भोंगा एकदाच वाजला पाहिजे.

आणि सेन्सरपासून चाचणी घ्यायची असेल तर सेन्सर काढून अंगणात आणा आणि त्याखाली धुपाटणं धरा. डोंगरावर नको, आत्ता पातेरा (पडलेला पाला) एवढा सुकलाय की एक ठिणगी पुरे. पाण्याची बादली शेजारी हवी. धुराने आकडे चढतात, ते रेडिओवरून जातात, सर्व्हर ठरवतो, वेबहूक सुटतो. ही झाली पूर्ण वाट.

---

कुळागरी_बाय | 10 फेब्रुवारी, सकाळी 8:40

धुपाटण्याचं पटलं. पण एक ध्यानात घ्या. मार्च-एप्रिलात आमच्याकडे काजूच्या भट्ट्या पेटतात, आणि त्याआधी काजूखालचा पातेरा गोळा करून जाळतात, पडलेलं बोंड दिसावं म्हणून. आमच्या भट्टीजवळ असा सेन्सर लावला होता तर तो रोज संध्याकाळी ओरडायचा. चौथ्या दिवशी घरातल्यांनी फोनचा आवाज बंद केला. तुमचा संदेश अगदी वेळेवर पोचला आणि फोन गप्प असला, तर तो पोचला म्हणायचा का?

---

निवृत्त_वनरक्षक | 10 फेब्रुवारी, दुपारी 1:05

मला या वेबहूकातलं फारसं कळत नाही. पण माझी नोकरी या रानात गेली आणि मार्च 2023 मी इथेच होतो, म्हणून लिहितो.

5 मार्च 2023 च्या सुमारास म्हादई अभयारण्यात साट्रेच्या बाजूने आग धरली आणि मग अनेक ठिकाणी दिसत गेली. नौदलाची हेलिकॉप्टरं आली, बादल्या टांगून पाणी ओतलं, हवाई दलाचंही हेलिकॉप्टर आलं. पण कड्यावरच्या उतारावर शेवटी माणूसच जातो. टँकर जात नाही. आपल्या रानातली आग झाडांच्या शेंड्यावरून धावत नाही, ती जमिनीसरशी पातेऱ्यातून सरकते. संध्याकाळी झोडून विझवलेली आग सडलेल्या ओंडक्याच्या पोटात रात्र काढते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला की पुन्हा उठते. म्हणजे एकाच जागेचा संदेश दोनदा आला तर तो ‘दुहेरी’ म्हणून टाकून देऊ नका. लोरावाल्या भावाने क्रमांकाचं सांगितलं ते भोंग्यापुरतं ठीक. पण कालची आग आणि आजची आग यांना एकच क्रमांक पडला तर तुमची यंत्रणा आजची आग गिळून बसेल.

दुसरं. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण 2004 पासून उपग्रहावरून आगीच्या सूचना देतं, आणि नोंदणी केलेल्याला त्या फोनवर मिळतात. आम्हाला यायच्या. त्यात अक्षांश-रेखांश असायचे. कार्यालयात नकाशावर ते उपयोगी पडतात, पण रात्री विजेरी हातात घेऊन निघालेल्या माणसाला ‘देवरायची वरली बाजू’ म्हटलं की पाय आपोआप वळतात. म्हणून संदेश तपासताना तो वाचून माणूस बरोबर वाटेला लागतो का, तेही तपासा. गावातल्या कुणालाही संदेश दाखवा आणि म्हणा, चल, घेऊन चल तिथे.

---

रानवाट_सत्तरी | 10 फेब्रुवारी, दुपारी 3:20

काका, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. घटनेच्या क्रमांकाला आता मुदत घालतो: सहा तासांनंतर त्याच जागी पुन्हा आकडे चढले तर नवी घटना. सहा तास पुरतील का?

---

निवृत्त_वनरक्षक | 10 फेब्रुवारी, दुपारी 4:02

संध्याकाळी 6 ला विझवलेली पहाटेला उठली तर पुरेल. दुपारी 12 ला विझवलेली 3 ला उठते तेव्हा नाही पुरणार. विझवणाऱ्यांनीच ‘विझली’ असं कळवावं आणि तिथून नवीन हिशेब धरावा.

---

सिग्नल_पणजी | 10 फेब्रुवारी, सायंकाळी 6:45

काकांचं बरोबर आहे, आणि आंतरराष्ट्रीय पद्धतीतही हेच आहे. कॅप नावाचा सूचनांचा सामाईक साचा आहे. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ प्रणाली त्यावर चालते. त्यात संदेशाचा प्रकार लिहावा लागतो: नवी सूचना, सुधारणा, रद्द. ‘विझली’ म्हणजे रद्द. शिवाय स्थितीचा वेगळा रकाना असतो: प्रत्यक्ष, सराव, तांत्रिक चाचणी. सराव म्हणजे ठरलेल्या माणसांनी खरोखर हालचाल करायची. चाचणी म्हणजे सगळ्यांनी दुर्लक्ष करायचं. तुमच्या संदेशात हा रकाना घाला. फरक त्या एका रकान्याचाच असावा, बाकी वाट तीच, टेम्प्लेट तेच, नावं तीच.

आणखी एक सुचवतो. खरी जुनी आग पुन्हा चालवून पाहा. फर्म्सवर मार्च 2023 चे व्हीआयआयआरएसचे (उपग्रहावरच्या आग टिपणाऱ्या उपकरणाचे) ठिपके तारखेनुसार उतरवता येतात. ते ‘आत्ताच आले’ असं भासवून यंत्रणेत सोडा.

---

डिचोलीचा_मास्तर | 10 फेब्रुवारी, रात्री 8:10

कल्पना उत्तम, पण माझा एका गोष्टीला विरोध आहे. हे प्रयोग खऱ्या माणसांच्या फोनवर नकोत. 2023 मध्ये दूरसंचार विभागाने सेल ब्रॉडकास्टची (टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकदम जाणाऱ्या सूचनेची) चाचणी घेतली तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते. संदेशात ‘हा नमुना चाचणी संदेश आहे’ असं स्पष्ट होतं, तरी आमच्या शेजारच्या म्हातारीला धाप लागली. अमेरिकेतल्या हवाई बेटांवरचं 13 जानेवारी 2018 चं प्रकरण तर त्याहून गंभीर. तिथे सरावाच्या वेळी क्षेपणास्त्र येत असल्याचा संदेश खराच सुटला आणि ‘धोका नाही’ हा दुसरा संदेश फोनवर यायला 38 मिनिटं लागली. आपल्याकडे दिवसातून दोनदा ‘आग आग’ आलं तर लोक वैतागतील, आणि खऱ्या दिवशी हलणार नाहीत. चाचणीसाठी वेगळा गट करा, त्यात यंत्रणावाले चार जण ठेवा.

---

कुळागरी_बाय | 10 फेब्रुवारी, रात्री 9:00

मास्तर, तुमची काळजी खरी आहे. पण चार जणांच्या गटात चाचणी नेहमीच पास होणार. त्यांचे फोन चांगले, नेट चांगलं, आणि ते संदेशाची वाट बघत बसलेले. आग त्यांच्या घरी लागणार नाही. ती त्या आजोबांच्या डोंगरावर लागणार.

---

लोरा_फोंडा | 10 फेब्रुवारी, रात्री 9:25

दोघांचं जमवता येईल. जुन्या आगीचा प्रयोग चार जणांत करा, कारण त्यात संदेशांचा मारा होतो. सरावाचा एकच संदेश महिन्यातून एकदा, आदल्या दिवशी सांगून, सगळ्यांना. आणि मास्तरांच्या हवाईच्या उदाहरणातून शिकायचं ते असं की ‘रद्द’चा संदेशही सरावात पाठवायचा आणि तो किती वेळात पोचतो ते घड्याळ लावून पाहायचं.

112 किंवा 101 वर चाचणीचं काहीही जाऊ देऊ नका. तिथे माणसानेच, डोळ्यांनी आग पाहून फोन करावा.

---

रानवाट_सत्तरी | 13 फेब्रुवारी, रात्री 11:10

मार्च 2023 चे ठिपके सोडून पाहिले. जे निघालं ते सविस्तर लिहितो, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

पहिली चूक वेळेची. फर्म्समधली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, आपण साडेपाच तास पुढे. दुपारी दीडच्या सुमारास उपग्रह जातो तेव्हा तिथे 8 वाजलेले असतात आणि रकान्यात 0800 असतं. माझ्या स्क्रिप्टने तो आकडा मानला, पुढचं शून्य गळलं, 800 उरलं, आणि 80 तास 0 मिनिटं असं काहीतरी करून ती अडखळली. रात्री दीडच्या फेरीत तर तारीखच चुकत होती: आपल्या 6 मार्चच्या पहाटेची आग 5 मार्च म्हणून येत होती, आणि ‘कालची आहे’ म्हणून माझी गाळणी ती टाकून देत होती. हा दोष रात्रीच्याच आगीत दिसला असता, म्हणजे सगळे झोपलेले असताना.

दुसरी चूक माऱ्याची. व्हीआयआयआरएसचा एक ठिपका 375 मीटरचा, त्यामुळे मोठी आग म्हणजे ठिपक्यांचा पुंजका. मी प्रत्येक ठिपक्याला वेगळा संदेश पाठवत होतो. टेलिग्रामच्या बॉटला एका गटात मिनिटाला 20 संदेशांची मर्यादा आहे. ती ओलांडली की 429, म्हणजे ‘फार झाले, थांबा’ असा नकार, येतो आणि किती सेकंद थांबायचं तेही त्यात लिहिलेलं असतं. मी ते वाचतच नव्हतो, पुढचे संदेश तसेच फेकत होतो. आता एक किलोमीटरच्या आतले ठिपके एकाच घटनेत बांधतो आणि 429 आला तर सांगितलं तेवढं थांबतो.

तिसरी चूक वाड्यावरच्या दुसऱ्या टेलिग्राम गटाची. सदस्य वाढल्यावर आम्ही तो गट सुपरग्रुप (टेलिग्रामचा मोठा गट) केला होता, आणि तसं केलं की गटाचा क्रमांक बदलतो. माझ्याकडे जुनाच होता. महिनाभर त्या गटात एकही संदेश जात नव्हता. कुणाला संशय आला नाही, कारण आगच नव्हती. शांतता आणि बिघाड दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणून आता रोज सकाळी 7 ला यंत्रणा ‘सुरू आहे’ असा संदेश पाठवते. सगळ्यांना नाही, फक्त मला आणि आमच्या शेजारणीला. 7:30 पर्यंत तो मिळाला नाही तर बाहेरच्या एका सर्व्हरवरची दुसरी स्क्रिप्ट आम्हाला उठवते. घरातली वीज काढूनही पाहिलं, ती बरोबर ओरडली.

उपग्रहाबद्दल एक सांगून ठेवतो. फर्म्सचा ठिपका उपग्रहाच्या फेरीनंतर तीन तासांच्या आत मिळतो. दोन एकरांच्या काजूसाठी तो उशीर मोठा आहे. पहिला इशारा सेन्सरचा किंवा माणसाचाच.

नावांचं काल संध्याकाळी देवळापाशी बसून ठरवलं. काका स्वतः आले होते. मी विभागांना क्रमांक द्यायचं सुचवलं, ते कुणालाच पटलं नाही. मग बावीस जागांची बोलीतली छोटी नावं काढली. ‘देवरायची वरली बाजू’ 18 चिन्हांत बसते. प्रत्येक नाव मोजूनच यादीत घेतलंय, आणि यादीत तिसाच्या पुढचं नाव आलं तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

---

कुळागरी_बाय | 13 फेब्रुवारी, रात्री 11:40

देव बरें करूं. एवढं केलंत तर पोच घ्यायचीही सोय करा. साध्या फोनवरून उलट एसएमएस कुणी करत नाही. मिस्ड कॉल सगळे देतात. सरावाच्या दिवशी संदेश वाचला की तुमच्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. कुणाचा आला आणि कुणाचा नाही, तीच तुमची खरी डिलिव्हरी.

---

रानवाट_सत्तरी | 16 फेब्रुवारी, सायंकाळी 7:30

आज 5 वाजता सराव घेतला. काल घरोघरी सांगून आलो होतो. अंगणात धुपाटणं धरलं, बादली शेजारी.

धूर धरल्यापासून सर्व्हरने ठरवेपर्यंत 2 मिनिटं 10 सेकंद. टेलिग्राम लगेच. भोंगा एकदाच. नऊ एसएमएस, नऊही डिलिव्हरी रिपोर्ट ‘पोचला’. वीस मिनिटांनी ‘रद्द’, तोही नऊ जणांना पोचला.

मिस्ड कॉल आठ आले.

न आलेला नववा त्या आजोबांचा. मी त्यांच्या घरी गेलो. फोन खिशात होता, सुरू होता, संदेशही आलेला होता. त्यांनी मला दाखवला. पडद्यावर नुसते चौकोन. त्यांच्या जुन्या फोनला देवनागरी अक्षरं दिसतच नाहीत. आजवर आलेले आमचे सगळे संदेश त्यांनी कंपनीच्या जाहिराती समजून पुसून टाकले होते.

---

निवृत्त_वनरक्षक | 16 फेब्रुवारी, रात्री 8:05

त्यांना ऐकू येतं का नीट?

---

रानवाट_सत्तरी | 16 फेब्रुवारी, रात्री 8:12

हो काका, ऐकू चांगलं येतं. भोंगाही ऐकला त्यांनी. म्हणाले, रोजचा असेल असं वाटलं.

---

निवृत्त_वनरक्षक | 16 फेब्रुवारी, रात्री 8:20

मग त्यांच्यापुरता फोन करा, ध्वनिमुद्रित, आणि आवाज ओळखीच्या माणसाचा घ्या. भोंग्याचीही रीत ठरवा: आगीला तीन लांब, रद्दला एक. तीनदा वाजला तर बिघडलाय असं मग कुणी म्हणणार नाही.

---

रानवाट_सत्तरी | 16 फेब्रुवारी, रात्री 8:41

त्यांच्या सुनेचा आवाज आत्ताच रेकॉर्ड करून घेतला: ‘बाबा, देवरायच्या वरल्या बाजूला आग लागलीय, शेजाऱ्यांना हाक मारा.’ बावीस जागांचे बावीस निरोप ती उद्या देईल म्हणाली. भोंग्याची रीत कंट्रोलरमध्ये घातली. लोरावाल्या दादा, तीन लांब आवाज आणि तुमचा ‘तोच क्रमांक आला तर गप्प’ हा नियम एकमेकांत अडकत नाहीत ना, तेवढं कोड टाकतो ते पाहाल का? बुधवारी संध्याकाळी 5 ला फक्त त्या एका घरासाठी पुन्हा सराव आहे.

---

लोरा_फोंडा | 16 फेब्रुवारी, रात्री 8:55

टाका, आजच पाहतो. बुधवारी मी येतो. धुपाटणं तुम्ही धरा, मी आजोबांच्या अंगणात घड्याळ घेऊन बसतो.